द्राक्षवेलीचे बारसे

माझ्या ज्या सहाध्याय्याला आज द्राक्षशेतीच्या जगात आचार्यपद लाभले आहे, त्याने महाविद्यालयात संस्कृत हा विषय सावली पाहून निवडला होता. यात अतिशयोक्ती नाही. सांगलीला विश्रामबागेत आम्ही प्रवेश घेतला त्या दिवशी तो एकेक वर्ग बाहेरून पाहत हिंडला. इतिहासाच्या वर्गावर दुपारचे ऊन येत होते. अर्थशास्त्राच्या वर्गात बाकांहून मुले अधिक होती. संस्कृतच्या खोलीवर मात्र कडुलिंबाची गर्द छाया होती आणि आत आम्ही अवघे सात जण होतो. "मानसं कमी, सावली जास्त. आपलं हितंच बसायचं," असे म्हणून तो माझ्या शेजारी जो बसला, तो तीन वर्षे तेथून हलला नाही.

तो कवठे महांकाळच्या पूर्वेकडील कोरड्या भागातला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखण्याचा व्यवसाय. मी साताऱ्याचा, मुंज झाल्यापासून पाठशाळेत वाढलेला, कोश आणि रूपावली यांच्या संगतीत मोठा झालेला. वसतिगृहात आम्हा दोघांना एकच खोली मिळाली. माझे स्नान, संध्या, परान्न न घेण्याचा नेम, हे सारे त्याने पहिले चार दिवस कुतूहलाने पाहिले. पाचव्या दिवशी तो गावाहून आला तेव्हा आपल्यासाठी बाजरीच्या भाकरी आणि माझ्यासाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. "ह्याला चूल लागली न्हाई, का कुनाचा हात लागला न्हाई. सोलून खा," असे त्याने सांगितले. माझ्या नेमाची त्याने कधी थट्टा केली नाही. पण मला 'शास्त्रीबुवा' हे नाव त्यानेच दिले आणि अर्ध्या महाविद्यालयाने ते उचलले.

त्याची एक अडचण होती. एका जागी बसून त्याला अक्षरही पाठ होत नसे. लहानपणापासून जे काही तो शिकला, ते मेंढरांमागे चालता चालता. पाय थांबले की बुद्धी थांबे. मग संध्याकाळी आम्ही विश्रामबागेहून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊ आणि चालतच परत येऊ. जाताना नामरूपे, येताना धातुरूपे. वाटेवरचे पानवाले आम्हांला ओळखू लागले. एकाने तर, आज अमुक रूप तमुक वळणावर चुकले, असे त्याला ऐकवलेही होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयोवृद्ध परीक्षक आले. त्यांनी प्रश्न विचारला आणि हा खुर्चीत बसल्याबसल्या गप्प झाला. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. काही क्षणांनी त्याचा आवाज आला, "सर, जरा चाललं तर चालंल का?" परीक्षकांना अर्थ उमगला नसावा; परंतु त्यांनी मान हलवली. तो उठला आणि त्यांच्या टेबलाभोवती चालू लागला. एका फेरीत एक विभक्ती, तिन्ही वचनांसह. परीक्षकांची मान त्याच्याबरोबर फिरत राहिली. आठ फेऱ्यांनी संबोधन संपले तेव्हा ते म्हणाले, "पुरे बाळा, आता मला घेरी येईल." त्यांनी त्याला उत्तम गुण दिले आणि नंतर आमच्या प्राध्यापकांना सांगितले, की प्रदक्षिणेचे असे फळ आपण प्रथमच पाहिले.

त्याच्या दृष्टीचे मला विशेष आश्चर्य वाटे. त्याला एकसारख्या दिसणाऱ्या दोनशे मेंढरांतील प्रत्येक मेंढरू वेगळे दिसे. वर्गाची सहल गेली की तो प्रत्येक मुक्कामी आम्हांला नजरेनेच मोजून घेई आणि कोण मागे राहिले ते शिक्षकांच्या आधी सांगे. ही दृष्टी कोणत्याही विद्यालयात शिकवली जात नाही, असे मी पुढे चाळीस वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो.

पदवी मिळाल्यावर मी साताऱ्याला शिक्षक झालो. तो मात्र कोणत्याही नोकरीकडे वळला नाही. तासगावकडे एका द्राक्षबागेत मजूर म्हणून राहिला, छाटणी शिकला, आणि आपल्या माळावर पाणी आल्यावर तेथे त्याने स्वतःची बाग उभी केली. पुढची कथा वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे. त्याची द्राक्षे समुद्रापार गेली, बेदाण्याच्या शेडांची रांग वाढली, कृषी विद्यापीठातील विद्वान त्याच्या बांधावर वह्या घेऊन बसू लागले. त्याचे छायाचित्र छापून आले की मी ते घरातल्या मंडळींना दाखवी. मला कधी मत्सर वाटलाच नाही, असे म्हटले तर ते असत्य होईल. देवघरात बसलो असताना एकदोनदा तो मनात डोकावला. परंतु तो टिकला नाही, कारण प्रत्येक यशानंतर त्याचा मला दूरध्वनी येई आणि पहिला प्रश्न असे, "शास्त्रीबुवा, शेंगा पाठवू का?"

गेल्या श्रावणात त्याचा असाच दूरध्वनी आला. परंतु या वेळी स्वर निराळा होता.

"एक वेल हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "नवी हाय. कुनाकडं न्हाई अजून. दसऱ्याला तिच्या काड्या लोकास्नी लावायला द्यायच्या हायत, आनि तिला नाव न्हाई. तवर नाव ठरलं न्हाई, तर लोक माझंच नाव लावून मोकळं व्हतील. ते मला नको हाय. नवरात्रात पाचव्या माळेला तिचं बारसं करायचं ठरवलंय. तू ये."

स्वतःचे नाव का नको, असे मी विचारले. तो घुटमळला. आल्यावर बोलू, फोनवर बोलण्यासारखे नाही, एवढेच म्हणाला. मी हा त्याचा विनय समजलो. येथेच माझी चूक झाली.

नाव शास्त्रशुद्ध असावे म्हणून मी त्याला वेलीची जन्मवेळ विचारली.  त्यानेही प्रश्न माझ्याइतक्याच गांभीर्याने घेतला. जन्म कोणता धरायचा? वेगळी फांदी प्रथम दिसली तो, की तिचे कलम बांधले तो, की त्या कलमाला पहिला घड धरला तो? मी दोन दिवस विचार केला. दंत आणि द्विज यांचा जसा दुसरा जन्म मानतात, तसा कलम हा वेलीचा दुसरा जन्म होय, असा निर्णय करून मी त्याला कळवला. कलमाचा दिवस त्याने वहीत लिहून ठेवलेला होता. वेळ मात्र 'न्याहरीच्या आदी' एवढीच होती. मी पंचांग मांडले. मघा नक्षत्र आले. पंधरा दिवस खपून मघेच्या अक्षरांवरून मी अकरा नावे रचली आणि ती जाड कागदावर बोरूने लिहून काढली. त्यांतील शेवटचे मला फार आवडले होते : मेषपालनयननंदिनी. मेंढपाळाच्या डोळ्यांना आनंद देणारी. मित्राच्या त्या अद्वितीय दृष्टीचा त्यात गौरव होता.

पाचव्या माळेच्या आदल्या दिवशी मी साताऱ्याहून एसटीने सांगलीला आणि तेथून त्याच्या गावी पोहोचलो. ओसरीवर छाटणीची माणसे बसली होती. मित्राने मला त्यांच्यासमोरच नावे वाचायला लावली. मी प्रत्येक नाव अर्थासह वाचले. मंडळी आदराने ऐकत होती. शेवटचे नाव ऐकल्यावर त्यांच्या मुकादमाने ते एकदा पुटपुटून पाहिले, मध्येच सोडले आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, नाव लय थोर हाय. पर ह्ये सांगूस्तवर गिऱ्हाइकाची यष्टी निघून जाईल." सर्व हसले. मीही हसलो, मात्र मला थोडे लागले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मित्र हसला नव्हता. तो मला बागेत घेऊन गेला. मांडवाच्या एका टोकाला जुनी, जाड खोडाची वेल होती आणि तिच्या एका फांदीला विटलेली, दोऱ्यांइतकी उरलेली चिंधी होती.

"ह्या वेलीच्या ह्याच फांदीला एका साली लांब मणी लागलं," तो सांगू लागला. "मला ते दिसलंच न्हाई. मी तवा पुरस्कार घ्यायला गेलो हुतो. इकडं उन्हाळ्याची छाटणी सुरू झाली. माणसं समद्या फांद्या कापत आली. ते मणी हिनं हेरलं हुतं. घरातनं ही बाहेर आली आनि लुगड्याचा काठ फाडून हितं बांधला. हसली माणसं. तर दिवसभर उनात हितंच उभी ऱ्हायली, कुनाला कात्री लावू दिली न्हाई. मी आलो तवा मी बी हसलो. दोन सालानी कलम केलं, तवा कळलं काय हाय ते." त्याने चिंधीवरून बोट फिरवले. "फोटू समदं माझं निगालं, शास्त्रीबुवा. फांदी तिनं राखली. नाव तिचं पायजे. ती न्हाई म्हनती. तुझं ऐकंल, म्हनून तुला बोलावलं."

मी हातातील कागदाची गुंडाळी केली. ज्या दृष्टीची स्तुती मी चाळीस वर्षे वर्गात केली आणि अकराव्या नावात गुंफून आणली, ती येथे त्याची नव्हतीच. वहिनीही त्याच माळावरच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. ती नजर त्यांनाही जन्मतःच होती, आणि मी कधी त्यांचा विचारच केला नव्हता. मी त्याला विचारले, की हे फोनवर का सांगितले नाहीस? तो म्हणाला, की फोन ओसरीवर असतो आणि ओसरीवरचे बोलणे स्वयंपाकघरात ऐकू जाते. शिवाय बायकोचे कौतुक आपल्याच तोंडाने कसे करायचे?

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझ्या उपवासासाठी भगर निवडत होत्या; शिजवणार मात्र मी स्वतःच होतो. शेजारी भिंतीला टेकून मित्राची थोरली बहीण बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे. ती मेथीची जुडी निवडत होती आणि तिला ऐकू येते की नाही याविषयी घरात मतभेद होते. मी वहिनींसमोर बसलो आणि विषय काढला. कर्त्याला त्याचे श्रेय मिळणे हा धर्म आहे, असे मी विस्ताराने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"भावजी, तुमी शिकल्यालं मानूस," त्या म्हणाल्या. "मला सांगा, बाजारात पेटी फोडल्यावर लोक काय म्हनत्यात? कालच्यापरीस आज ही उतरली. ही आंबट निगाली. हिला कोन इचारीना. ते समदं माझं नाव घिऊन? मी न्हाई ऐकून घ्यायची."

यावर मी नदीचा दाखला दिला. कृष्णा हे स्त्रीचेच नाव आहे. लोक तिच्यात स्नान करतात, म्हशी धुतात, पूर आला की बोलही लावतात. तिचे माहात्म्य त्याने उणे होते का?

"नदीला सासू न्हाई, नणंद न्हाई," वहिनी भगरीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "तिला कोन बोलनार?"

"नणंद हितंच बसल्याली हाय," भिंतीकडून आवाज आला. "ऐकतीया."

वहिनींचा हात सुपातच थांबला. म्हातारीने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारले, "गुरुजी, उद्या बारसं हाय न्हवं? मग पोरीची आत्या कोन?"

 मित्र दाराशी येऊन उभा राहिला होता. म्हातारीने उत्तरही स्वतःच दिले.

"मीच की. मग नाव कुनी ठेवायचं? शास्त्र काय म्हनतं, सांगा."

माझी कसोटी लागली. शास्त्रात नामकरणाचा अधिकार पित्याचा आहे. आत्याने नाव ठेवणे हा आपल्याकडचा लोकाचार आहे. मैत्रीखातर शास्त्राविषयी खोटे बोलणे मला शक्य नव्हते, आणि या वेलीच्या पित्याचे तोंड तर संकोचाने बांधलेलेच होते. मी जे खरे ते सांगितले : शास्त्र पित्याला अधिकार देते, परंतु ज्या देशी जो आचार रूढ आहे तो तेथे पाळावा, असेही शास्त्रच सांगते.

"म्हंजी माझाच," म्हातारीने निर्णय दिला.

वहिनी अखेरचा प्रयत्न करत म्हणाल्या, "आवं वन्सं, पर पोरीला आईचं नाव ठेवत्यात व्हय कुठं?"

"पोरगी एका घरला जाती. ही गावोगाव जानार," म्हातारी म्हणाली. "जाईल तितं लोक इचारतील, कुनाची गं तू? तवा आईचं नाव सांगायला नगं तिनं?"

 वडीलधाऱ्या नणंदेचा शब्द न मोडता वहिनी पुन्हा भगर निवडू लागल्या. मात्र त्या खडे ठेवून दाणे टाकत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मी ते ध्यानात आणून दिले नाही. त्या सायंकाळी मी केवळ दूध घेतले.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली पाळणा बांधला गेला. कलमाचे रोप नव्या कापडाच्या पिशवीत घालून त्यात ठेवले. मी संकल्प सांगितला आणि मंत्र म्हटले. शेजारच्या वस्त्यांवरील स्त्रियांनी पाळण्याच्या खालून-वरून रोप दिले-घेतले, आणि शेवटी आत्याला पाळण्याजवळ आणून बसवले. रोपाला कान कोठे असतो यावर थोडी चर्चा झाली. वरच्या कोवळ्या पानाला कान मानावे, असे ठरले. म्हातारीने पानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केले, नाव सांगितले आणि मग मान वर करून तेच सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात उच्चारले.

बारशाला आत्याने नाव ठेवले की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी आपली रीत आहे. परंतु ऐंशी वर्षांच्या पाठीत हात कोण उचलणार? सर्वजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा वहिनी पुढे झाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी नणंदेच्या पाठीत खराखुरा एक धपाटा घातला आणि लगेच तिच्या गळ्यात पडल्या. म्हातारी म्हणाली, "दुसरा कुनी घालू नका, एवढा बास हाय." त्या नावाचे आद्याक्षर मघेशी जुळत नव्हते. मी ते कोणाला सांगितले नाही.

मित्राच्या आग्रहावरून मी दसऱ्यापर्यंत राहिलो. त्या पाच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातील पोरेबाळे, मजूर, मुकादम सारे नवे नाव सहज घेऊ लागले. तो मात्र 'ती नवी वेल', 'पलीकडची', असेच म्हणत होता. लग्नाला इतकी वर्षे लोटली, पण पत्नीला नावाने हाक मारण्याची त्याच्या घरी पद्धत नव्हती, आणि आता तेच नाव त्याला जगाला सांगायचे होते.

दसऱ्याला पूजा आटोपली आणि पहिला बागायतदार आला. तासगावकडचा तिशीतला तरुण, ट्रॅक्टर घेऊन. काड्यांच्या जुड्या मोजून झाल्या. त्याने खिशातून लेखणी काढली आणि जुडीला बांधायची चिठ्ठी गुडघ्यावर धरून विचारले, "काका, नाव काय लिहू?"

मित्राने माझ्याकडे पाहिले. "तू सांग की, शास्त्रीबुवा."

मी म्हटले, की तो अधिकार माझा नाही. त्याने मुकादमाकडे पाहिले. मुकादमाला अचानक दोरी शोधायची होती. शेवटी त्याने खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि ज्या माणसाने मोठमोठ्या सभांतून भाषणे केली आहेत त्याने ते तीन अक्षरांचे नाव इतके हळू उच्चारले, की ते माझ्यापर्यंतही पोहोचले नाही.

"काय म्हनलासा?" तरुणाने विचारले.

तेव्हा त्याने डोळे मिटून ते मोठ्याने सांगितले. अगदी माळावर हाक घालावी तसे. घरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. थोड्या वेळाने वहिनी चहाचे पेले घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही.

"आवं, हळू," त्या म्हणाल्या. "ते कागदावर लिवून घेत्यात. वरडायचं काय काम?"

मी निघताना हा प्रसंग कधीतरी लिहीन, असे त्यांना सांगितले. त्यांनी अनुज्ञा दिली, मात्र एका अटीवर. काडीला नाव दिले तेवढे पुरे, पुस्तकात नको. म्हणून मी ते येथे लिहिलेले नाही. तरुणाने मात्र ते ठळक अक्षरांत लिहिले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुडीला चिठ्ठी बांधली, चहा संपवला आणि ट्रॅक्टर तासगावच्या रस्त्याला लावला. माझा मित्र तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभा होता.